डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी छापा: राज्यातल्या हृदयरोग विभागप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सरकारी, धर्मादाय आणि खासगी रुग्णालयांतील सर्व हृदयरोग विभागप्रमुख

स.न.वि.वि.

मी सांगोला तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाचवीच्या वर्गाला शिकवते. गेल्या महिन्यात एक पानी अर्ज घेऊन मी एका मोठ्या रुग्णालयात गेले होते. हार्ट अटॅकच्या पेशंटला घरी सोडताना तुम्ही जे कार्ड देता, त्यावर त्याच्या रक्ताच्या नातेवाइकांनीही कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं एवढं छापा, अशी त्यात विनंती होती. खिडकीवरच्या माणसाने अर्ज आत नेला आणि वीस मिनिटांनी तसाच परत आणून दिला. कार्डाचा नमुना ठरलेला आहे, त्यात बदल होत नाही, असं सांगितलं. पोचही दिली नाही. म्हणून तोच अर्ज आता सगळ्यांसमोर, तुम्हा सगळ्यांच्या नावे लिहिते आहे.

आधी ऋण मान्य करते. ऑक्टोबर २०२२ मध्ये तुमच्यासारख्याच डॉक्टरांनी माझ्या थोरल्या भावाचा जीव वाचवला. दादा तेव्हा ३८ वर्षांचा होता. रात्री दोनला नेलं, पहाटे अँजिओप्लास्टी झाली, सरकारी योजनेतून झाली, पदरचा रुपया लागला नाही. चौथ्या दिवशी दादा स्वतःच्या पायांनी घरी आला. हातात फाईल, अँजिओग्राफीची सीडी, गोळ्यांची चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्ड. कार्डावर होतं: तेलकट-तुपकट टाळा, मीठ कमी करा, जड उचलू नका, एक महिन्याने दाखवा.

ती फाईल त्या रात्री आमच्या सोप्यात सगळ्यांच्या हातातून फिरली. धाकट्या आबानेही चाळली. सातव्या पानावर दादाचा लिपिडचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा, रिपोर्ट होता आणि त्यात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २४१ लिहिलेलं होतं. आम्हाला तो आकडा वाचता येत नव्हता.

चौदा महिन्यांनी आबा गेला. वय ३४. डाळिंबाची कॅरेटं भरून पिकअप घेऊन रात्री मार्केट यार्डला निघाला होता. वाटेत चहाला थांबला, छातीत जळजळतंय म्हणाला, ॲसिडिटीची गोळी घेतली आणि पाच मिनिटं टेकतो म्हणून गाडीतच डोकं मागे टाकलं. सोबतच्या पोराने उठवायला हात लावला, तेव्हा सगळं संपलं होतं.

आमच्या घरात अटॅक हा शब्द तोवर तीनदा येऊन गेला होता. आमचे अण्णा २००१ साली विहिरीवर मोटर चालू करायला गेले ते परतले नाहीत. ४६ वर्षांचे होते. गावाने म्हटलं, कर्जाचा धसका घेतला. दादाच्या वेळी म्हटलं, टेन्शन. आबाच्या वेळी म्हटलं, रात्रीचं ड्रायव्हिंग. तिन्ही वेळा कारण बाहेर शोधलं, आणि ते आमच्या टाचेवर होतं.

हे मी शब्दशः म्हणते आहे. आबा गेल्यानंतर दोन महिन्यांनी घोटा दुखतो म्हणून मी सोलापुरातल्या एका डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी चप्पल काढायला सांगितली, टाचेच्या वरची जाड शीर चिमटीत धरली आणि दुखण्याविषयी न विचारता एकदम विचारलं, “घरात कोणी लहान वयात हार्टने गेलंय का?” त्या शिरेला डॉक्टर टेंडन म्हणतात. माझी शीर बोटभर जाड झालेली होती आणि हाताला खडबडीत लागत होती. मला वाटायचं, चपलेचा पट्टा घासून घट्टा पडलाय. अण्णांनाही तशीच गाठ होती. आजीने तिच्यावर बिब्बा घातला होता, तो काळा डाग मला अजून आठवतो. आबाच्या दोन्ही टाचांना होती आणि हाताच्या बोटांच्या मागच्या शिरांवरही होती. ते कोलेस्टेरॉल होतं, रक्तात मावेना म्हणून शिरेत साठलेलं. या खुणेचा, वाढलेल्या कोलेस्टेरॉलचा आणि घराण्यात चालत येणाऱ्या हृदयविकाराचा संबंध नॉर्वेच्या कार्ल म्यूलर या डॉक्टरांनी १९३८ साली मांडला होता. दादा तुमच्याकडे चार दिवस पलंगावर पडून होता, उघड्या पायांनी.

पुढच्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. माझं एलडीएल २२८. ताईचं १०४. दादाचा मुलगा सुटला. माझ्या मुलाचं २०६. आबाची मुलगी नऊ वर्षांची, तिचं २१९. या दुखण्याला फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून सदोष जनुक येतं आणि प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. छापा-काटा. आम्हा चौघांत ताईचा एकटीचा छापा पडला.

मी शिक्षिका आहे, त्यामुळे कळल्याशिवाय गप्प बसवत नाही. डॉक्टर बाईंना विचारून विचारून जे समजलं, ते इथे लिहिते. तुम्हाला हे पाठ आहे. पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांना कळलं, तर माझी मागणी एवढी साधी का आहे हेही कळेल.

कोलेस्टेरॉल स्निग्ध आणि रक्त पाणीदार, म्हणून ते रक्तात विरघळत नाही. शरीर त्याला प्रथिनांच्या वेष्टनात बांधून हलवतं. हे बांधलेले गोळे म्हणजे लायपोप्रोटीन. जेवणातली चरबी आतड्यातून कायलोमायक्रॉन नावाच्या मोठ्या गोळ्यांतून निघते. यकृत स्वतः व्हीएलडीएल बनवून रक्तात सोडतं. स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना लागणारा ट्रायग्लिसराइडचा माल वाटेत उतरत जातो आणि व्हीएलडीएलचा आकार लहान होत होत शेवटी एलडीएल उरतं, ज्यात मुख्यतः कोलेस्टेरॉल असतं. हे एलडीएल परत ओढून घेणं हेही बहुतांशी यकृताचंच काम. यकृताच्या पेशींवर त्यासाठी दारं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. अमेरिकेत डॅलसला मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी ही दारं शोधली, आमच्यासारख्याच कुटुंबांतल्या पेशंटांच्या पेशी तपासून. १९८५ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं.

आबाच्या धंद्यातलं उदाहरण मी माझ्या मुलाला दिलं, त्याला ते लगेच समजलं. मार्केट यार्डाला दोन गेट. त्यातलं एक बंद पडलं. गावोगावच्या पिकअप यायच्या तशा येतच राहतात, पण आत जायला दुप्पट वेळ लागतो. मग रस्त्यावर रांग लागते, आणि ज्या रस्त्यावर रांग, त्याच्या कडेला कॅरेटं सांडतात. आमच्या रक्तात जन्मापासून ही रांग लागलेली आहे.

सांडणं म्हणजे काय, तेही सांगते, कारण “नळीत चरबी बसली” या बोलण्याने फार गैरसमज होतो. धमनी म्हणजे नळाचा पाईप नाही, तिची भिंत जिवंत असते. एलडीएलचे कण भिंतीच्या आतल्या अस्तराखाली शिरतात, तिथे अडकतात, खराब होतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, गिळून गिळून फेसासारख्या फुगतात आणि तिथेच मरतात. त्यावर शरीर एक टोपण घालतं. वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. एक दिवस ते टोपण फाटतं, आतला मसाला रक्ताला लागतो, गुठळी होते आणि काही मिनिटांत वाट बंद. दादाच्या धमनीत तुम्ही स्टेंट घातला ती एक जागा मोकळी झाली. रांग तशीच होती. दादाच्या रक्तातही, आणि बाहेर बाकड्यावर बसून त्याच्या डब्याची वाट बघणाऱ्या आबाच्या रक्तातही.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार मघाच आली. ३८ व्या वर्षी अटॅक आलेल्या माणसाला, वडील ४६ व्या वर्षी गेलेत हे फाईलमध्ये लिहिलेलं असताना, एलडीएल २४१ असताना, “तुझी भावंडं किती, मुलं किती, त्यांचं रक्त तपासलंय का” हे कोणीही विचारलं नाही. ॲटॅक येऊन दिवस उलटला की एलडीएल उलट थोडं खालीच येतं, हे मला नंतर कळलं. म्हणजे दादाचा खरा आकडा याहून मोठा असू शकतो. १९० च्या पुढे एलडीएल गेलं की घराण्याचा विचार करायचा, हे तुमच्याच पुस्तकांत आहे. आबा चार दिवस तुमच्या वॉर्डाच्या दारात होता. सकाळचं रक्त काढणाऱ्या मुलीने दादाच्या हातानंतर त्याच्या हातातून एक नळी घेतली असती, तर चौदा महिने हातात होते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांना परिणाम दाखवायला चार-सहा आठवडे पुरतात.

दुसरी तक्रार पथ्याच्या कागदाबद्दल आहे. आमचं घर माळकरी. अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, घरात अंडंसुद्धा शिजलं नाही. तरी कार्डावर छापलेल्या “तेलकट-तुपकट टाळा” या तीन शब्दांनी वहिनीला दोषी ठरवलं. आई तिला म्हणाली, तुझ्या हातच्या भज्यांनी माझं पोर आजारी पडलं. पाहुण्यांसमोर म्हणाली. वहिनीने चौदा महिने घरात फोडणीला तेल जेमतेम चमचाभर घातलं आणि आबा गेला तेव्हा हमसून म्हणाली, याच्या घरी तर मी स्वयंपाक करत नव्हते. आहाराचं महत्त्व मी नाकारत नाही. पण यकृताच्या दारांचा दोष भज्यांच्या कढईवर टाकला गेला, कारण तुमच्या कागदावर दुसरं काही लिहिलेलंच नव्हतं.

तिसरी, गोळी. दादाला ॲटोर्वास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी दिली होती, ८० ची. महिन्याने गावाकडे ती ४० झाली, मग १०. मग शेजारच्यांनी सांगितलं, कोलेस्टेरॉलची गोळी लिव्हर खाते, आणि दादाने तीन महिने बंदच ठेवली. ही गोळी नेमकं काय करते ते कोणी सांगितलं नव्हतं. यकृत स्वतः कोलेस्टेरॉल बनवतं, ते काम ही गोळी मंदावते. मग यकृत आपली गरज भागवायला जास्त दारं उघडतं आणि रक्तातलं एलडीएल आत ओढतं. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून या जातीचं, म्हणजे स्टॅटिनचं, पहिलं औषध शोधलं. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरोग्यांवरच्या चाचणीत स्टॅटिन घेणाऱ्यांमधले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. आज ॲटोर्वास्टॅटिन हे औषध आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जेनेरिक दुकानात स्वस्त मिळतं. “ही गोळी आयुष्यभराची आहे, विचारल्याशिवाय कमी करू नका” एवढं वाक्य चिठ्ठीवर नव्हतं. स्टॅटिन पुरत नसेल तर एझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडतात, तेही आम्हाला दीड वर्षाने कळलं.

चौथी, रिपोर्टवरचा नॉर्मल आकडा. लॅबच्या कागदावर उजव्या बाजूला सगळ्यांसाठी एकच मर्यादा छापलेली असते. दादाचं एलडीएल गोळ्यांनी १२८ वर आलं तेव्हा कागदावर ते नॉर्मलमध्ये बसलं आणि आम्ही पेढे ठेवले. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात साध्या माणसाचं एलडीएल १०० च्या खाली, जास्त धोका असलेल्याचं ७० च्या खाली आणि दादासारख्याचं ५५ च्या खाली हवं असं म्हटलं आहे. दादाचं उद्दिष्ट काय, हे पेनाने कार्डावर लिहायला किती वेळ लागतो? “चांगलं कोलेस्टेरॉल ५२ आहे, काळजी नको” असंही आम्हाला एकदा ऐकवलं गेलं. हे चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल, ते धमन्यांतून कोलेस्टेरॉल परत आणतं हे खरं, पण एचडीएल चांगलं म्हणून २०० च्या वरचं एलडीएल माफ होत नाही. एचडीएल वाढवणारं टॉर्सेट्रापिब हे औषध २००६ मध्ये थांबवावं लागलं, कारण घेणाऱ्यांत मृत्यू वाढले होते.

त्याच सूचनांत आणखी दोन गोष्टी आहेत. लिपिडच्या पहिल्या तपासणीला उपाशी पोट लागत नाही, आणि लायपोप्रोटीन-ए ही तपासणी प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी करावी. हा एलडीएलसारखाच कण, त्याला एक जादा प्रथिन चिकटलेलं. तोही बहुतांशी रक्तातूनच, आईवडिलांकडून येतो. आमच्या घरात तो सुदैवाने वाढलेला नाही. पण त्याचं नाव आम्हाला तुमच्यापैकी कोणाकडून कळलं नाही.

एक गोष्ट मी मोठ्या संकोचाने लिहिते. आमच्या भागात मामाच्या मुलीशी लग्न लागतं. माझा मुलगा आणि आबाची मुलगी यांना घरातली म्हातारी माणसं थट्टेने नवरा-नवरी म्हणायची. दोघांतही हा दोष आहे. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला दोन्हीकडून सदोष जनुक मिळण्याची शक्यता चारात एक असते. तसं मूल जन्मलं, तर त्याचं एलडीएल ४००-५०० च्या पुढे जातं आणि उपचार न झाल्यास विशीच्या आत हृदयविकार होतो. ती थट्टा आता आमच्या घरात बंद झाली, कारण आम्हाला कळलं. ज्यांना कळलेलं नाही अशा किती घरांत साखरपुडे होत असतील?

कारण हा दोष दुर्मीळ नाही. जगभरात साधारण २५० ते ३०० माणसांमागे एकाला तो असतो. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख होती. हेच प्रमाण धरलं तरी चार लाखांच्या आसपास माणसं होतात. माझ्या शाळेच्या पटावर २६८ मुलं आहेत. परिपाठाला ओळीत उभी राहतात तेव्हा हल्ली माझी नजर त्यांच्या टाचांकडे जाते.

सरकारी तपासणी मोहिमेचं म्हणाल, तर तिशीनंतर बीपी, साखर आणि तीन प्रकारचे कॅन्सर असा तिचा आराखडा आहे. लिपिड त्यात नाही. त्यासाठी आरोग्य विभागाला मी वेगळं लिहिणार आहे. स्लोव्हेनियात १९९५ पासून शाळेत जाण्याआधी मुलांचं कोलेस्टेरॉल तपासतात. आपल्याकडे तसं होईल तेव्हा होईल. पण ज्या घरात अटॅक येऊन गेला, ते घर तुमच्या दारात आपणहून येतं. त्याला शोधायला कोणी घरोघर फिरायचं नाही.

माझ्या मागण्या एवढ्याच आहेत. पुरुष ५५ च्या आत, बाई ६० च्या आत हार्टच्या दुखण्याने दाखल झाली, की तिची टाच आणि बोटांच्या शिरा बघा, आणि घराण्याची माहिती विचारून फाईलवर ठळक लिहा. जे भाऊ-बहीण, मुलं दवाखान्यात हजर असतील त्यांचं लिपिड तिथेच तपासा. डिस्चार्ज कार्डावर पेशंटचं आजचं एलडीएल, त्याला किती खाली आणायचं तो आकडा आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहा. स्टॅटिन किती दिवस घ्यायची ते मराठीत लिहा. आणि रक्ताच्या नातेवाइकांसाठी दोन ओळी छापा. ज्या विभागात हे आधीपासून होत असेल, त्यांनी आपला कार्डाचा नमुना इतरांना द्यावा.

नेदरलँड्समध्ये हा दोष असलेल्या २१४ मुलांना लहानपणीच स्टॅटिन सुरू केली आणि वीस वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आला. ३९ व्या वर्षापर्यंत हृदयविकाराचा झटका वगैरे त्यांच्यापैकी १ टक्का जणांना झाला. त्यांच्याच आई-वडिलांपैकी ज्यांच्यात हा दोष होता, त्यांच्यात त्याच वयापर्यंत हे प्रमाण २६ टक्के होतं. आबाची मुलगी आता दहा वर्षांची आहे. रोज रात्री दात घासले की छोटी गोळी घेते आणि कॅलेंडरवर बरोबरची खूण करते. मागच्या महिन्यात तिचं एलडीएल ११८ आलं. खाली आणखी यायचंय, डॉक्टर बाई म्हणाल्या.

कार्डाचा नमुना बदलायला मजकूर कोण लिहिणार, अशी अडचण असेल तर मी लिहून दिला आहे. परत आलेल्या अर्जावरही हाच होता:

“आपल्याला लहान वयात हृदयविकार झाला आहे. आपले आई-वडील, सख्खी भावंडं आणि मुलं यांनी या महिन्यात रक्तातील लिपिडची तपासणी करून घ्यावी. उपाशी पोटाची गरज नाही.
तपासणीचा कागद पुढच्या भेटीत हे कार्ड घेऊन येताना सोबत आणावा.”

आपली,
एका पेशंटची बहीण
ता. सांगोला, जि. सोलापूर